जलाश्वला जोडीदार कधी?

नौदलाची चर्चा विमानवाहू नौका आणि पाणबुड्यांवरच थांबते. फौज किनाऱ्यावर उतरवणारी आणि भर समुद्रात इंधन, रसद पुरवणारी जहाजे कुणाच्या गावीही नसतात. फौज उतरवणारी ‘आयएनएस जलाश्व’ ही नौका अमेरिकेच्या नौदलात १९७१ मध्ये दाखल झाली, आपण ती २००७ मध्ये घेतली. तिच्या तोडीची दुसरी नौका आजही आपल्याकडे नाही. मे २०२० मध्ये, करोनाकाळात, मालदीवमधील मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले ते तिनेच. तशा चार नौकांची निविदा २०१३ मध्ये निघाली आणि २०२० मध्ये रद्दही झाली. त्यानंतर कित्येक वर्षे घोडे पेंड खात राहिले.

पुरवठा जहाजांचे मात्र मार्गी लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला सुमारे १९ हजार कोटींचे, प्रत्येकी ४४ हजार टनांच्या पाच जहाजांचे काम मिळाले. पण ती रसद घेणाऱ्या, फौज उतरवणाऱ्या नौका कुठे आहेत? दोन्ही ताफ्यांचे नियोजन एकत्रच हवे.

साताऱ्याला समुद्र नाही, हे खरे. पण या जहाजांतून किनाऱ्यावर उतरायचे असते ते भूदलाच्या जवानांना, आणि घरटी फौजी देणारे अपशिंगे आमच्याच जिल्ह्यात आहे. चौकशी आम्ही करणारच.

– एक माजी सैनिक, सातारा