आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: अँटी-डीचे ७२ तास अहवालाची वाट पाहण्यात जाऊ नयेत

माननीय आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

आरएच निगेटिव्ह (म्हणजे ‘निगेटिव्ह’ रक्तगटाच्या) मातांना बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे बनू नयेत म्हणून दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. औषध जुने, द्यायची पद्धत सोपी. ते चुकण्याच्या जागा मात्र ठराविक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या एका लेखी आदेशाने बंद होतील.

बाळाचा गट पॉझिटिव्ह असेल तर वार (प्लासेंटा) सुटताना त्याचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ती बनायला वेळ लागतो, म्हणून पहिले बाळ सहसा सुटते. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात: रक्तक्षय, तीव्र कावीळ, अंगभर सूज, कधी पोटातच मृत्यू. आईचा आणि बाळाचा एबीओ गट (ए, बी, एबी किंवा ओ) जुळत असेल आणि इंजेक्शन दिलेच नाही, तर सुमारे १६ टक्के मातांत प्रतिपिंडे तयार होतात. प्रसूतीनंतरच्या डोसने हे प्रमाण १ ते २ टक्क्यांवर येते. २८व्या आठवड्याचा डोस जोडला की ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते.

प्रतिपिंडे एकदा तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग नाही. म्हणून पहिल्याच तपासणीत रक्तगटासोबत इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी (आईच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी) हवी, आणि २८व्या आठवड्यात पुन्हा. इथे क्रम महत्त्वाचा: आधी रक्ताचा नमुना, मग इंजेक्शन, ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच १५०० युनिट. क्रम उलटला तर इंजेक्शनमधलीच प्रतिपिंडे चाचणीत दिसतात, ‘हिच्यात प्रतिपिंडे आधीच आहेत’ असा शेरा पडतो आणि प्रसूतीनंतरचा डोस रद्द होतो. ‘२८व्या आठवड्यात घेतले, आता कशाला?’ हाही तितकाच घातक समज. त्या डोसचे प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते, त्यामुळे बाळ पॉझिटिव्ह निघाले तर पुन्हा द्यावेच लागते.

आमचा मुख्य मुद्दा ७२ तासांचा आहे: प्रसूतीनंतरचे इंजेक्शन तेवढ्या वेळात द्यायचे असते. प्रसूती होताच नाळेतून नमुना घेऊन बाळाचा रक्तगट आणि डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या तांबड्या पेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का, ही चाचणी) करायचे असते. नमुना घेतला जातो, पण प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद असते. आई दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि अहवाल चौथ्या दिवशी येतो. यावर नियम साधा असावा: ४८ तासांत अहवाल आला नाही तर इंजेक्शन देऊन टाकावे. बाळ निगेटिव्ह निघाले तर एक डोस वाया जाईल, एवढेच. ७२ तास उलटले म्हणून बाईला परत पाठवणेही चूक आहे. दहा दिवसांपर्यंत दिले तरी काही संरक्षण मिळू शकते.

३०० मायक्रोग्रॅमचा डोस बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरतो. वार हाताने काढावी लागली, ती आधीच सुटली, जुळी झाली किंवा बाळ मृत जन्मले, तर जास्त रक्त मिसळलेले असू शकते. तेव्हा क्लायहाउअर चाचणी (आईच्या रक्तात बाळाचे किती रक्त मिसळले, हे मोजणारी) करून जादा डोस ठरवावा. ही चाचणी करणारी प्रयोगशाळा प्रत्येक प्रसूतिगृहाच्या आवाक्यात हवी.

रक्तस्राव, पोटाला मार, उशिराचा गर्भपात, गर्भजल तपासणीची सुई, आडवे बाळ बाहेरून फिरवणे, यानंतरही इंजेक्शन लागते. मात्र अशी रुग्ण अनेकदा अपघात विभागात पोहोचते आणि तिथे तिचा रक्तगट कोणी विचारत नाही. १२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार गरज नाही, पण जुन्या सूचनांत ५० मायक्रोग्रॅम लिहिलेले आढळते. खात्याने एकच भूमिका कळवावी. पतीचा गट निगेटिव्ह आहे म्हणून इंजेक्शन टाळायचे असेल, तर बाळाचा पिता तोच आहे का, हे आईला एकटीला विचारावे. नातेवाइकांसमोर खरे उत्तर मिळेलच असे नाही.

साठा २ ते ८ अंशांत ठेवावा, गोठू देऊ नये. इंजेक्शन दंडात द्यावे, कारण नितंबावरच्या चरबीत ते नीट शोषले जात नाही. स्नायूत देण्याचे उत्पादन शिरेत कधीही देऊ नये. आणि ते आईला द्यायचे आहे, बाळाला नव्हे!

डॉक्टरांच्या सहीसाठी न थांबता परिचारिकेला डोस देता यावा असा स्थायी आदेश काढावा. जिथे प्रसूती होते तिथेच साठा असावा. घरी जातानाच्या कार्डावर मात्रा, बॅच क्रमांक आणि दिल्याची वेळ नोंदवणे बंधनकारक करावे.

कळावे,
प्रसूतिगृह आणि रक्तपेढीतील कर्मचारी