१३८ मरणांची खतावणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात ‘मोबाइल गेम हा रोगच’ असं पत्र छापून आलं. गेममुळे मुलांना हार सोसत नाही, सगळं आयतं आणि झटपट हवं असतं, असं लिहिणाऱ्यांचं म्हणणं. मी ते वाचलं आणि मांडीवरचा टॅब पालथा घातला. कारण नुकतीच मी मेले होते. एकशे सदतिसाव्यांदा.

माझं वय ६४. साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत ३३ वर्षं कॅश काउंटर सांभाळला. निवृत्तीनंतर रोज पहाटे अजिंक्यतारा चढत होते, पण गेल्या दिवाळीआधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किल्ला खिडकीतून बघण्यापुरता उरला. पुण्याहून नातू आला होता. त्यानं आपला टॅब आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. म्हणाला, “आजी, हा रोगलाइक आहे.” मला वाटलं, रोगासारखा काही तरी! म्हटलं, गुडघा पुरे झाला की रे.

मग त्यानं कुळकथा सांगितली. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ (इंग्रजीत म्हणजे लबाड, भामटा) नावाचा गेम केला. त्याच्या वळणाचे गेम ते रोगलाइक. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह, राक्षस म्हणजे एबीसीडीतली मोठी अक्षरं. भुयार दर डावाला नवं, म्हणजे ज्यांनी गेम केला त्यांनाही पुढं काय येणार ते ठाऊक नसे. आणि मेलात की डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून. पुढं २००८ मध्ये डेरेक यू यानं ‘स्पेलंकी’ काढला आणि हीच रीत उड्या मारायच्या गेममध्ये आणली. नातवानं मला दिला तो त्याच घराण्यातला ‘डेड सेल्स’, २०१८ चा.

हा गेम फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या मोशन ट्विन नावाच्या मंडळींनी केला. ती कामगारांची सहकारी संस्था आहे, सगळ्यांना सारखा पगार, निर्णयात सगळ्यांचं मत सारखं. हे कळल्यावर माझा निम्मा विरोध तिथंच मावळला. सहकारात उभी हयात गेली. आमच्याकडे पगार सारखा असता तर काय काय झालं असतं, ते असो.

गेममध्ये आपण मुंडकं नसलेला कैदी. तुरुंगाच्या कोठडीतून सुरुवात. पहिल्या दिवशी मी दीड मिनिट जगले. एक सडका मुडदा उडी मारून अंगावर आला, मी घाबरून सगळी बटणं एकदम दाबली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो उडी मारायच्या आधी त्याच्या डोक्यावर क्षणभर उद्गारचिन्ह उमटतं. ते दिसलं की लोळण घ्यायची. एवढंच! पण हे एवढंच हाताला कळायला मला दोन दिवस आणि अकरा मरणं लागली. ढालवाला शिपाई तर त्याहून चिवट. समोरून कितीही मारा, वार ढालीवरच. त्याच्या अंगावरूनच लोळण घेऊन पाठीमागं जायचं. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या वहिनी धावत आल्या, गुडघ्याला काही झालं की काय म्हणून.

खोल्या माणसांनी हातानं रचलेल्या आहेत, पण त्यांची जुळणी दर डावाला नवी. त्यामुळे पाठांतर करून चालत नाही. कालचा जिना आज त्या जागी नसतो. ढालवाला मात्र तोच आणि त्याची खोडही तीच. मेल्यावर हातातली हत्यारं जातात, सोनं जातं, राहतं ते ओळखणं.

एक गोष्ट मला कॅशियर म्हणून फार भावली. शत्रू मारले की निळ्या ‘सेल्स’, म्हणजे पेशी, मिळतात. दोन टप्प्यांच्या मधे एक कलेक्टर बसलेला असतो (आपले जिल्हाधिकारी नव्हेत, याच्या पाठीवर भलंमोठं इंजेक्शन असतं), त्याच्याकडे त्या जमा करायच्या. तिथं जमा झालेलं कायमचं. त्यातून पुढच्या डावांसाठी नवी हत्यारं, औषधाच्या बाटलीत जादा घोट मिळतात. पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी मेलात तर खिशातलं सगळं बुडालं. रोकड अंगावर घेऊन हिंडू नका, असं मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगितलं आणि स्वतः मात्र दहा सेल्ससाठी अर्ध्या जिवानिशी परत मागं वळते.

सवयीनं मी वही घातली आहे. तारीख, कुठं मेले, कशानं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. आज बेरीज केली. एकूण मरणं १३८. पैकी ‘घाई’ ७१, ‘हाव’ ३९, ‘कुकर’ ४ (तिसरी शिट्टी झाली की लक्ष जातं), ‘कळले नाही’ २४. बेरीज जुळते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या पाचशे-हजारच्या नोटा घेताना माझी एकदा दोन हजारांची कॅश कमी आली होती, ती मी पदरची भरली. तेव्हा कारणाचा रकाना नव्हता, पण असता तर तिथंही घाईच लिहावं लागलं असतं.

आम्ही लहानपणी वाड्यात सागरगोटे खेळायचो. आमचा नियम कडक होता, हुकलं की पहिल्यापासून. कोणी रडत नसे. सापशिडीत मात्र हटकून भांडणं व्हायची, कारण साप फाशामुळे चावतो, आपल्या चुकीनं नाही. या गेममध्येही नशिबाचा भाग आहे, कधी चांगलं धनुष्य मिळतं, कधी नाही. पण वही सांगते की नशीब क्वचितच आडवं आलं.

पत्रलेखकांचा राग मला समजतो. माझा हाच नातू दोन वर्षांपूर्वी दुसरा एक गेम खेळायचा. हरला की पडद्यावर यायचं, इतके रुपये भरा आणि इथूनच पुढं चला. नाही तर अर्धा तास थांबा, नाही तर जाहिरात बघा. तो रडून पैसे मागायचा आणि लेक वैतागून भरायची. हार सोसत नाही ती अशानं, कारण तिथं हार विकायला ठेवलेली असते. ‘डेड सेल्स’चे एकदा पैसे भरले, जाहिरात नाही, जीव विकत मिळत नाही. नंतर आलेले जादा भाग वेगळे विकतात, ते मी घेतले नाहीत. रक्त पुष्कळ आहे, त्यामुळे अगदी लहान पोरांच्या हाती मी तो देणार नाही. शिवाय एक डाव रंगला तर तासभर कसा जातो कळत नाही, आमटी दोनदा करपली आहे. तेव्हा ‘मोबाइल गेम’ असा एकच शिक्का सरसकट सगळ्यांवर मारू नये, एवढीच विनंती. नोटा मोजतानाही खरी-खोटी एकेक करून बघावी लागते, बंडलाकडे बघून सांगता येत नाही.

काळ्या पुलावरचा द्वारपाल, म्हणजे पहिला मोठा राक्षस, माझ्या हातून ६२ व्या डावात पडला. तो उंच उडी मारून धाडकन खाली आपटतो, त्या वेळी त्याच्या खालून पलीकडे निसटायचं असतं. फोनवर नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, “आजी, मला तर नव्वद लागले होते.” त्याच्या आवाजात हार न सोसल्याचं काही जाणवलं नाही. जरा असूया होती, ती चालते.

आता घड्याळाच्या मनोऱ्यावरची ती ‘टाइम कीपर’ बाई अडवून बसली आहे. सकाळी तिथंच मेले. वहीत १३८ वी ओळ भरली, पण कारणाच्या रकान्यात ‘कळले नाही’ लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीनं.

आपली,
एक निवृत्त कॅशियर
यादोगोपाळ पेठ, सातारा