खिसा उजवीकडेच राहू द्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

एरंडवण्यात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं कलादालन नोव्हेंबरात उघडतंय. पहिलंच प्रदर्शन आत्मचित्रांचं, १४ चित्रकारांची २२ चित्रं. बाबा, तुमचं ट्रंकेतलं १९७८चं जलरंगातलं चित्र मला त्यात हवंय. कुरियर नको, शनिवारी दादा वाईला येतोय, त्याच्याकडे द्या.

सुरळी आहे तशीच पाठवा. उलगडून बघायचा मोह होईल, पण इतकी वर्षं गुंडाळलेला कागद ठिसूळ होतो. ओढून सपाट केला की तडकतो, आणि तडा नेमका चेहऱ्यातून जायचा. इस्त्री तर मुळीच नको. इथे कागदाच्या संवर्धनाचं काम करणारी एकजण आहे. ती आधी त्याला दमट हवा देऊन मऊ करेल, मग टिपकागदात वजनाखाली ठेवेल. वरचं वर्तमानपत्र सहज सुटलं तर काढा, चिकटलं असेल तर राहू द्या. हार्डवेअरच्या दुकानातून ४ इंची पीव्हीसी पाइपचा २ फूट तुकडा कापून आणा. सुरळी त्यात सैल जायला हवी, नाही गेली तर जाड पाइप घ्या, सुरळी आवळू नका. दोन्ही तोंडांना धुतलेल्या सुती कापडाचा बोळा. प्लास्टिक फक्त पाइपच्या बाहेरून. कागदालाच गुंडाळलं तर आतला ओलावा आतच कोंडतो आणि बुरशीची सोय होते.

आई, कागदावर तपकिरी ठिपके दिसले तरी पापडांसारखं त्याला ऊन दाखवू नकोस. उन्हानं डाग जात नाहीत, रंग मात्र उडतात. त्या काळच्या पेटीतला क्रिमझन लेक हा लाल रंग तर सगळ्यात आधी, म्हणजे गालांवरची लालीच जाईल. डांबरगोळ्याही पाइपमध्ये टाकू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं. सदऱ्याचा खिसा उजवीकडे कसा आणि उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या हातात ब्रश कसा? आरशात बघून काढलंय म्हणून. व्हॅन गॉगनं डिसेंबर १८८८मध्ये डावा कान कापला, पण जानेवारी १८८९च्या आत्मचित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. रेम्ब्रांटनं मात्र हे लपवायचं ठरवलं होतं. लंडनच्या केनवुड हाऊसमधल्या त्याच्या उतारवयातल्या आत्मचित्राचा क्ष-किरण फोटो काढला, तेव्हा कळलं की ब्रश आणि पॅलेट आधी आरशातल्यासारखे उलट हातांत होते, मग त्यानं ते बदलले. बाबा, तुम्ही रेम्ब्रांट होऊ नका! खिसा ‘दुरुस्त’ करायला ब्रश उचलू नका. चित्र फोटोवरून नाही, समोर आरसा ठेवून केलंय याची ती खूणच आहे.

फ्रेम इथे करू. कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे साधारण ३८ × ५६ सेंटीमीटर. भोवती ७ सेंटीमीटरचा आम्लविरहित माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट. माउंट केवळ शोभेला नसतो. त्याच्या जाडीमुळे काच कागदापासून सुटी राहते, नाहीतर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. चित्र मागून पूर्ण चिकटवायचं नाही. जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं, फक्त वरच्या कडेला टांगायचं. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी धरला तर लहरी पडतात. सेलोटेप लावणाऱ्या फ्रेमवाल्याकडे तर जाऊच नये, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काही केल्या निघत नाही.

चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर. बाबा, तुम्हाला हिशेब आवडेल म्हणून लिहिते: फ्रेमची उंची ७२, तिची निम्मी ३६. तार ताणली की वरच्या कडेच्या ८ खाली येते. १४५ + ३६ − ८ = १७३, तिथे हूक. ते ८ वजा करायचे राहतात, म्हणून बहुतेक ठिकाणी चित्रं वर चढलेली दिसतात. हूक एक नाही, दोन, म्हणजे चित्र तिरकं होत नाही. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा ड्रिलच्या हॅमरनं भसाभस सुटतो, म्हणून हॅमर बंद ठेवून आधी बारीक भोक, मग ६ मिलिमीटरचं. भोकातली धूळ काढली नाही तर प्लग नुसता फिरत राहतो.

मध्याऐवजी सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणावेत, असंही एकानं सुचवलं होतं. करून पाहिलं तर थेट पोलिसांची ओळखपरेड! परत मध्यावर आलो.

कागदावरच्या चित्रांना उजेड ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप), तैलरंगांना २००. पहिल्यांदा अंधारच वाटेल, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. २१ दिवसांत ५० लक्सनं जेवढी झीज होते, तेवढी ५०० लक्सनं साधारण दोन दिवसांत होते. आणि उडालेला रंग परत येत नाही. दिवा भिंतीशी ३० अंशांवर ठेवायचा. भिंतीच्या फार जवळ नेला तर फ्रेमची सावली चेहऱ्यावर पडते, फार लांब नेला तर काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. आत्मचित्रांच्या प्रदर्शनात ते कुणाला खपेलही, मला नाही.

चित्राशेजारच्या पाटीवर नाव कसं हवं, सहीसारखं की पूर्ण, ते दादाजवळ लिहून द्या. विकायचं नाहीये, तेव्हा किंमत नको, पण विम्यासाठी एक आकडा लागेल. तो ‘काहीतरी लिही’ असा नको.

उद्घाटनाच्या संध्याकाळी येऊ नका, गर्दीत चित्रं दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ला या. स्वारगेटहून मेट्रोनं नळस्टॉपला येता येतं, पण सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना आईचे गुडघे बोलतील. सरळ रिक्षा करा. पाच पायऱ्या आहेत, कठडा डाव्या हाताला. खुर्च्या दोन ठेवल्या आहेत, तुमच्या चित्रासमोर नाहीत, शेजारच्या भिंतीपाशी. बाबा, जवळून बघायचा चष्मा विसरू नका.

तुमची,
मनू