मानवरहित प्लॅटफॉर्म, पण फेऱ्या किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात विहिरींवर असलेल्या छोट्या प्लॅटफॉर्मना 'मानवरहित' म्हणतात. त्यामुळे तिथे कुणी फिरकतच नाही, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तिथे वस्ती नसते इतकेच. माणसे जातात, काम उरकतात आणि परततात. नवी मुंबईकरांना हा विषय परका नाही. तिथला वायू पाइपलाइनने उरणला उतरतो, पुरवठा जहाजे न्हावा तळावरून सुटतात आणि अशा प्लॅटफॉर्मची ड्रॉइंग्ज महापे-ऐरोलीच्या कचेऱ्यांतही होतात. म्हणून ड्रॉइंग बोर्डापासूनच दोन आकडे धरावेत, असे आम्हाला सुचवायचे आहे: वर्षाला फेऱ्या किती आणि कामाचे मनुष्यतास किती.

धोका प्लॅटफॉर्मवर असतो, तसाच तिथवरच्या प्रवासातही असतो. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून सातही जण गेले. 28 जून 2022 रोजी दुसरे एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरले, त्यात नऊपैकी चौघांचा जीव गेला. ही दोन्ही उड्डाणे मानवरहित प्लॅटफॉर्मच्या फेरीची होती असे नाही. पण वाचलेली प्रत्येक फेरी म्हणजे टळलेला धोका, हा हिशेब त्यातून कळतो.

फेरी का पडते? बहुतेकदा कारण अगदी क्षुल्लक असते. विहिरीतली सुरक्षा झडप समुद्रतळाच्याही खाली असते. हायड्रॉलिक दाब तिला उघडी धरतो आणि दाब गेला की स्प्रिंग ती मिटवते. रचना उत्तमच आहे. पण तो दाब वेलहेडपर्यंत, म्हणजे विहिरीच्या तोंडापर्यंत नेणारी स्टेनलेस स्टीलची नळी असते जेमतेम अर्ध्या इंचाची, जागोजागी प्लास्टिकच्या क्लॅम्पने बांधलेली. क्लॅम्पखाली खारे पाणी साचते, वरून ऊन तापते आणि तिथे नळीला बाहेरच्या बाजूने बारीक खड्डे पडू लागतात. बाकीची नळी चकचकीत दिसते. क्लॅम्प सोडला की तपकिरी वर्तुळ आणि तेलाचा थेंब सापडतो. गळती एका विहिरीच्या नळीत असेल तर ती विहीर बंद पडते, सामाईक लाइनमध्ये असेल तर सगळ्याच. त्या एका थेंबासाठी हेलिकॉप्टर उडते. ही नळी सुपर डुप्लेक्स या जास्त गंजरोधक स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि क्लॅम्प पाणी न साठवणारे असावेत. सुरुवातीला महाग वाटेल, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्या वाचल्या की तक्रार उरत नाही.

बंद पडलेली विहीर दुरून का चालू करत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. आग किंवा वायुगळतीच्या इशाऱ्याने बंद झाली असेल तर ते चुकीचेच ठरेल, आधी कुणीतरी जाऊन पाहायला हवे. दाब किंवा पातळी मर्यादेबाहेर गेल्याने विहीर आपोआप बंद पडली (ट्रिप झाली) तर मात्र नियंत्रण कक्षातून रिसेट देता आले पाहिजे. दोन्ही प्रकारच्या बंदचा रिसेट प्लॅटफॉर्मवर जाऊनच द्यावा लागत असला की फेऱ्या वाढतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे यंत्रांची गर्दी. विहिरीचा प्रवाह मोजायला टेस्ट सेपरेटर (तेल, वायू आणि पाणी वेगळे करून मोजणारी टाकी) बसवला की त्याच्यामागे लेव्हल ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ड्रेन येतात. प्रत्येकाला कॅलिब्रेशन हवे, तपासणी हवी. त्याऐवजी तिन्ही वेगळे न करताच मोजणारा मल्टिफेज मीटर चालतो. मात्र त्यात गॅमा किरणांचा किरणोत्सर्गी स्रोत असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि स्रोताची जबाबदारी गळ्यात पडते. हे खरेदीनंतर कुणाच्या लक्षात आले तर मीटर पडून राहतो.

पक्ष्यांचा विषय कागदावर हास्यास्पद वाटतो. पण माणूस नसलेल्या हेलिडेकवर (हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर) समुद्रपक्षी मुक्काम ठोकतात, विष्ठेने खुणा झाकल्या जातात आणि सौर पॅनेलही अंधारतात. भर पावसाळ्यात, ढगाळ दिवसांत बॅटऱ्या आधीच अपुऱ्या पडत असताना हे घडले की टेलिमेट्री, म्हणजे नियंत्रण कक्षाकडे जाणारी माहिती, बंद पडते आणि पुन्हा फेरी.

नॉर्वेत 2018 पासून चालू असलेल्या ओसेबर्ग एच या प्लॅटफॉर्मवर हेलिडेक नाही, निवारा नाही, शौचालयसुद्धा नाही. दुरुस्तीसाठी जहाजावरून पूल टाकून वर्षातून एक-दोनदाच माणसे जातात. हे उदाहरण आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नये. पुलाच्या जहाजाला लाटेच्या उंचीची मर्यादा असते आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्र ती पाळत नाही. हेलिडेक काढले तर पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवर पोहोचायचा भरवशाचा मार्ग उरत नाही. तेव्हा हेलिडेक ठेवावे, पण चार महिने कुणी गेले नाही तरी चालेल अशीच उपकरणे निवडावीत.

सर्वाधिक मनुष्यतास खातो तो रंग. लाटांच्या पट्ट्यातले पोलाद, जाळ्या आणि कठडे सतत गंजतात. चालण्याच्या जाळ्या काचतंतूच्या घ्याव्यात, रंगकाम यार्डातच पूर्ण करूनच जॅकेट (प्लॅटफॉर्मचा पाण्यातला पोलादी सांगाडा) बाहेर काढावे. समुद्रात रंग द्यायचा म्हणजे मचाण, वाळूफवारणी, जहाज आणि हवामान, चारही एकाच दिवशी जुळावे लागतात.

निविदेत वजन, विहिरींची संख्या आणि किंमत असते. त्यातच 'पावसाळ्यात शून्य नियोजित फेऱ्या, वर्षाला इतके मनुष्यतास' अशी अटही घालावी आणि प्रत्येक उपकरणापुढे त्याचे तास ठेकेदाराकडून लिहून घ्यावेत.

आपले,
समुद्री तेलक्षेत्रात काम करणारे काही अभियंते,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई