छत्तीस घरं आणि छत्तीस चिंचोके : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पदवीच्या सांख्यिकीय भौतिकशास्त्राला प्रात्यक्षिकाचे तास मिळण्याबाबत

मा. महोदय,

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. तिसऱ्या वर्षाचा सांख्यिकीय भौतिकशास्त्राचा पेपर, मुलांच्या भाषेत ‘स्टॅट मेक’, माझ्याकडे असतो. असंख्य कण एकत्र कसे वागतात, याचं हे शास्त्र. प्रकाश शिकवायला प्रिझम आहे, वीज शिकवायला मीटर आहेत. या विषयाला मात्र खडू आणि फळा. आमच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत त्याचा एकही प्रयोग नाही. मुलं बोल्ट्झमन वितरणाची, म्हणजे कणांमध्ये ऊर्जा कशी वाटली जाते त्या नियमाची, दोन पानी सिद्धता पाठ करतात, पेपरात जशीच्या तशी उतरवतात, आणि तापमान म्हणजे काय असं विचारलं की ‘थर्मामीटरवर दिसतं ते’ म्हणतात. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नाही.

गेल्या वर्षी मी एक दुपार वेगळी घालवली. पुठ्ठ्यावर सहा बाय सहा अशी छत्तीस घरं आखली, प्रत्येक घरात एक चिंचोका ठेवला. दोन फासे घेतले. लाल फासा आडवी ओळ सांगणार, पांढरा उभी. पहिल्यांदा फासे टाकून जे घर येईल त्यातला एक चिंचोका उचलायचा, दुसऱ्यांदा टाकून जे येईल तिथे ठेवायचा. उचलायचं घर रिकामं निघालं तर चाल सोडून द्यायची. चार-चार जणांचे नऊ गट केले आणि प्रत्येकाला तीनशे चाली दिल्या. पहिली दहा मिनिटं गोंधळ होता, मग वर्गात फक्त फाशांचा आवाज उरला.

शेवटी नऊही पुठ्ठे एकत्र मोजले. साधारण निम्मी घरं रिकामी होती. त्यांच्या निम्म्या घरांत एकेक चिंचोका, त्याच्याही निम्म्या घरांत दोन-दोन, पुढे असंच. एका मुलीनं विचारलं, “सर, सुरुवातीला सगळ्यांना सारखं दिलं होतं ना? मग हे कुणी केलं?” कुणीच केलं नव्हतं. चिंचोके वाटण्याचे जितके प्रकार शक्य आहेत, त्यांतले बहुतेक असेच दिसतात. एन्ट्रॉपी, म्हणजे अशा शक्य प्रकारांच्या संख्येचं माप, हा शब्द मी त्या दिवशी फळ्यावर शेवटी लिहिला, आधी नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात तीन-तीन चिंचोके ठेवून खेळलो. आता दर पायरीला निम्मं होण्याऐवजी पाऊण उरत होतं, उतार सौम्य झाला होता. चिंचोका म्हणजे ऊर्जेचा एक घास मानला, तर हा उतारच तापमान सांगतो : उतार जितका सौम्य, तितकं तापमान जास्त. मग एकानं विचारलं, चिंचोक्यांवर नंबर घातले तर मोजणी बदलेल का? बदलते. ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशकणांची अशीच, नंबर न घालता मोजणी केली होती. तो लेख आइनस्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये आणला. असा प्रश्न सिद्धता पाठ करणाऱ्या वर्गात मला अठरा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

यानंतर संगणक. हाच खेळ पायथन या संगणकाच्या भाषेतल्या पंचवीसेक ओळींत बसतो. दहा हजार घरं, लाखो चाली, आणि पुठ्ठ्यावर हेलकावे खाणारे आकडे पडद्यावर नीट एका उतारावर बसतात. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात, मग पडदा. नुसतं सिम्युलेशन दाखवलं की मुलांना तो सिनेमा वाटतो. तसंच दुधाचं. पाणी भरपूर घालून पातळ केलेल्या दुधाचा थेंब चारशेपट सूक्ष्मदर्शकाखाली धरा, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी स्निग्धाचे गोळे थरथरताना दिसतात. अशाच थरथरीवरून झाँ पेरँ यांनी रेणूंची संख्या काढली आणि 1926 चं नोबेल मिळवलं. आमच्या जीवशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक आहे, दूध कँटीनमध्ये आहे.

अभ्यासक्रम ठरवणं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं काम आहे, मंत्र्यांचं नाही, हे मी जाणतो. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑनर्सच्या नमुना अभ्यासक्रमात या विषयाला संगणकावरच्या प्रयोगांची जोड दिलेली होती, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे सगळे अभ्यासक्रम सध्या पुन्हा लिहिले जात आहेत. या विषयाचे निदान चार प्रयोग प्रात्यक्षिक परीक्षेत गुणांसह यावेत, एवढं शासन विद्यापीठांना सुचवू शकतं. गुण नसतील तर तो तास कधीच होत नाही, हा माझा अनुभव आहे.

उरलेलं थेट आपल्या हातात आहे. आमच्याकडे संगणक कक्ष आहे, पण तो दुसऱ्या अभ्यासक्रमाचा म्हणून भौतिकशास्त्राच्या मुलांना बंद. पुठ्ठ्यावरची ती दुपार माझ्या कार्यभारात कुठेच धरली गेली नाही. तासिका तत्त्वावरच्या माझ्या सहकाऱ्यानं असा तास घेतला, तर त्याचं मानधन कोणत्या रकान्यात लिहायचं ते कार्यालयाला सांगता येत नाही. संगणक कक्ष सर्व विज्ञान शाखांना खुला करणारा आणि सिम्युलेशनचा तास प्रात्यक्षिकाचा तास मानणारा, असा एकच शासन निर्णय काढा. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे. तालुक्याच्या शिक्षकांना तिथे आठवडाभर शिकायला, कर्तव्य रजेवर, पाठवण्याची सोय करा. पुठ्ठा, फासे आणि चिंचोके यांसाठी मी निधी मागत नाही.

चार प्रयोगांची मराठी टिपणं आणि पायथनच्या त्या पंचवीस ओळी या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. पुढचं सत्र जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी उत्तर मिळालं, तर यंदाच्या तुकडीला ते प्रयोग परीक्षेसाठी करता येतील.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक