वेणीचा दंड

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

रविवारचा तुझा व्हॉइस मेसेज आईनं मला दोनदा ऐकवला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. क्लबच्या कार्ट रेसमध्ये, म्हणजे त्या बुटक्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीत, हेल्मेटखालून वेणी बाहेर राहिली म्हणून तुला हजार रुपये दंड झाला. त्याच हीटमध्ये, म्हणजे त्याच फेरीत, पिट लेनमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या गल्लीत, जिथं हळू जायचं असतं) भरधाव घुसलेल्या पोराला मात्र "पुन्हा करू नको" एवढ्यावर सोडून दिलं. आता तू म्हणतेस, त्याला माफ तर मलाही माफ करा. मला हे पटत नाही. त्याला सोडलं हे चुकलं. तुला धरलं हे बरोबरच झालं.

तुझ्या सीटच्या मागं वीतभर अंतरावर मागचा अ‍ॅक्सल उघडा फिरत असतो, मागची चाकं जोडणारा तो दांडा. त्याच्यावर स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, त्याला चेन. 2018 मध्ये हरियाणात पिंजोरच्या एका करमणूक पार्कमध्ये कार्टच्या चाकात केस अडकून एक बाई जिवानिशी गेली. दोन वर्षांनी हैदराबादजवळ कॉलेजची एक मुलगी तशीच गेली. त्या कार्ट भाड्याच्या होत्या, तुमच्या रेसिंगच्या कार्टइतक्या पळणाऱ्या नव्हत्या. शिवाय रेसिंग कार्टला सीटबेल्ट नसतो, कारण कार्ट उलटली तर माणूस तिच्याखाली अडकू नये, बाहेर फेकला जावा. म्हणजे अंगावर जे घातलंय तेवढंच तुझं संरक्षण. "दोन बोटंच तर बाहेर होती" हे परत म्हणू नकोस. अ‍ॅक्सलला दोन बोटं पुरतात.

पण तुझ्या तक्रारीत एक गोष्ट आहे जी तू बोललीच नाहीस, आणि मला तीच जास्त खटकते. वेणी लांबून दिसते. बरगड्या जपणारा रिब प्रोटेक्टर बरेच जण सूटच्या आत घालतात, तो दिसत नाही. त्या दिवशी ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, कुणी कुणाच्या सूटची चेन उघडून बघितली का? नेक कॉलर नीट बसलीय का, ग्लोव्ह्ज फाटलेत का, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितला का? नसेल, तर मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या देखरेखीच्या माणसाच्या, नजरेला जे पडलं त्यालाच दंड झाला. असं चाललं की सुरक्षेचा सगळा नियम मुलींच्या केसांपुरता उरतो. मुलं आत काय घालतात आणि काय घालत नाहीत हे देवालाच ठाऊक. याच्यासाठी भांडायला हवं, तुझ्या हजारासाठी नाही.

आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरगं गळ्यात मफलर गुंडाळून लेथवर उभं राहिलं तर मी त्याचा पगार कापत नाही. मफलर खुंटीला लागेपर्यंत चक फिरत नाही, एवढंच. आणि कापायचा म्हटला तरी मनाला येईल तसा कापता येत नाही. पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट 1936 चा होता. 2025 मध्ये त्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता लागू झाली, पण तिच्यात दंडाच्या अटी बहुतेक तशाच आल्यात. कोणत्या चुकीला दंड होईल ते आधी मंजूर करून बोर्डावर लावलं पाहिजे. दंड करण्याआधी त्या माणसाला त्याची बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. एकूण दंड त्या मुदतीच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नये. पंधरा वर्षांखालच्याला दंड नाही. प्रत्येक दंड वहीत चढवायचा. आणि जमलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्याच उपयोगाला लावायचा. मूळ कायदा इंग्रजाच्या काळातला, पण ज्यानं लिहिला त्याला मालक लोक चांगले माहीत होते.

हौशी लोकांच्या रेसला हा कायदा लागू नाही, ते मलाही कळतं. पण त्यातल्या चार गोष्टी तुमच्या क्लबनं उचलल्या तरी निम्मी भांडणं मिटतील. तुमच्याकडं दंडाची यादीच नाही, असं तू म्हणालीस. मग हजार हा आकडा कुठून आला? त्या पोराचा गुन्हा यादीत असता, तर "पुन्हा करू नको" म्हणायची सोय उरली नसती. तो आयोजकांच्या ओळखीतला आहे असं तुझं म्हणणं. असेल. मला त्यात पडायचं नाही. वहीत नाव, वेळ, कारण आणि रक्कम लिहायला लागली की ओळखीपाळखी आपोआप बाहेर येतात. कुणावर आरोप करायची गरज पडत नाही.

आता पैशाचं. पैशाचा दंड दिसायला सारखा, पण लागतो वेगवेगळा. 2023 मध्ये कतारला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर हॅमिल्टन धडक झाल्यावर चालू ट्रॅक ओलांडून चालत गेला. 50,000 युरो दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. त्याला तो किती लागला असेल? लहान पोरं त्याच्याकडं बघून शिकतात याची काळजी मागाहून एफआयएनंच, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेनंच, बोलून दाखवली. तुमच्यात एक जण टायर उधारीवर घेतो आणि एकाची कार्ट ट्रेलरमधून येते, त्याच्याबरोबर दोन मेकॅनिक. दोघांना हजार रुपये म्हणजे एकाला पंधरा दिवसांचा खर्च आणि दुसऱ्याला चहापाणी. दुसरा मनातल्या मनात हिशोब करतो, हजार भरू आणि पिट लेनमध्ये दोन सेकंद वाचवू. अशानं तो दंड राहत नाही, भाडं होतं.

वेळेचं तसं नाही. पाच सेकंद सगळ्यांना पाचच सेकंद. फॉर्म्युला वनमध्ये सरावात पिट लेनची वेगमर्यादा मोडली तर बरीच वर्षं ताशी दर किलोमीटरमागं 100 युरो असा हिशोब होता, जास्तीत जास्त 1000. पण प्रत्यक्ष रेसमध्ये मोडली की शिक्षा वेळेत. म्हणून माझं मत असं, की जे गेटवरच सुधारता येतं, म्हणजे केस, कॉलर, पट्टा, त्याला दंडच नको. ते नीट होईपर्यंत कार्ट गेटबाहेर जाणार नाही. ग्रिड निघून गेली तर गेली, शेवटून सुरू कर. ट्रॅकवर किंवा पिट लेनमध्ये जे केलं त्याला सेकंद. पैसे घ्यायचेच असतील तर मार्शलला शिवीगाळ, पॅडॉकमध्ये (गाड्या आणि माणसं थांबतात त्या आवारात) मारामारी असल्या गोष्टींसाठी, जिथं घड्याळ चालत नाही.

यावर तू म्हणशील, मग नोजचं, म्हणजे कार्टच्या पुढच्या बंपरचं, काय? बरोबर, ते अवघड आहे. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये 2015 च्या सुमारास पुढच्या प्लॅस्टिक नोजला सरकणारे क्लॅम्प आले. पुढच्याला ढोसलं की नोज मागं सरकतं, आणि रेस संपल्यावर ते जागेवर नसलं की 5 सेकंद. कुणी बघितलं, कुणी नाही, हा प्रश्नच नाही. नोजच साक्ष देतं. सगळ्यांना सारखं, याहून सारखं काय असणार! आणि तरी पुढचा मुद्दाम कोपऱ्यात ब्रेक दाबतो, मागच्याचं नोज सरकतं, आणि 5 सेकंद मागच्याला. हे तू स्वतः भोगलंयस. नियम सगळ्यांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला असं नाही. पण दोन-चार मार्शल असलेल्या क्लबला रोज खरा न्याय परवडत नाही. त्यांना आधी सारखेपणा जमू दे. सेकंद लगेच लावा आणि निकाल लागायच्या आधी दहा मिनिटं ऐकून घ्या. कुणाच्या हेल्मेटवर कॅमेरा असेल तर फुटेज बघा, मागच्याची चूक नसेल तर सेकंद काढा आणि ते का काढले हेही वहीत लिहा. न लिहिता काढले की आपण परत त्या "पुन्हा करू नको" वर आलो.

तेव्हा क्लबला अर्ज दे, पण स्वतःच्या दंडाबद्दल एक ओळही लिहू नकोस. लिहिलीस तर सगळा अर्ज रडगाणं ठरेल. पुढच्या फेरीआधी यादी लावा, गेटवर सगळ्यांची एकाच क्रमानं डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करा, वही ठेवा, आणि जमलेल्या पैशातून चार जादा नेक कॉलर आणि बालाक्लाव्हा, म्हणजे हेल्मेटखाली घालायच्या कापडी टोप्या, घेऊन गेटवर ठेवा, विसरलेल्याला वापरायला. एवढंच मागायचं. ज्याला त्या दिवशी सोडलं त्या पोराची सही मिळाली तर सोन्याहून पिवळं. जाऊन विचार त्याला. नाही म्हणाला तरी तुझं काही जात नाही. रिब प्रोटेक्टर न घालता पळणारी मुलं सही करायला कुरकुर करतील, त्यांना आग्रह करू नकोस.

कुरिअरनं भडंग पाठवलंय, त्यातच दोन बालाक्लाव्हा आहेत. आईनं त्यांना मागून लांब कापड जोडलंय, वेणी दुमडून आत जाते. घालून बघ, हेल्मेट घट्ट झालं तर कळव, ती शिवण उसवून देईल.

अर्जाचा कच्चा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव. आणि हजार रुपये या आठवड्यातच भर. पावती माग. देत नसतील तर पैसे देऊ नकोस, मला फोन कर.

तुझे,
बाबा