ठेव मोडण्याआधी

पुणे, १४ डिसेंबर

प्रिय नंदा,

तुझं पत्र काल मिळालं. ओमच्या एडीएचडीवर, म्हणजे त्याच्या चंचलपणावर आणि लक्ष न लागण्यावर, न्यूरोफीडबॅकची (मेंदूच्या लहरी यंत्राने टिपून त्या बदलायला शिकवायची) चाळीस सेशन्स द्यायची म्हणून तू मुदतीची ठेव मोडायला निघालीस, हे वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चार दिवस थांब आणि माझं ऐक.

तीन महिने झाले, रोज पहाटे मी मेंदूच्या लहरी टिपणारा तसलाच एक पट्टा कपाळाला लावून बसते. भाच्याने दिलाय. कपाळाला आणि कानामागे सेन्सर टेकतात, कानात वाऱ्याचा आवाज येतो. मन निवलं की वारा पडतो आणि पाखरं बोलू लागतात. पहिला आठवडा नुसतं वादळ! मग एकदा लक्षात आलं, मी दात आवळून बसते. जबडा सैल सोडला आणि मिनिटभरात पाखरं आली. इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

पण नंदा, ती पाखरं मेंदूची की जबड्याची? मेंदूची लहर कातडीपर्यंत पोचते तेव्हा काही मायक्रोव्होल्टच, म्हणजे व्होल्टचे काही दहा-लाखावे भागच, उरते. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल तिच्या हजारो-लाखो पट जोरकस. दात आवळले, पापणी लवली, तरी ती लहर त्याखाली झाकली जाते. दात आवळायची सवय कळली, संध्याकाळचं डोकं दुखणं कमी झालं, एवढं त्या पट्ट्याचं देणं मी मानते. मेंदू बदलला असं मात्र म्हणवत नाही.

लहरी खऱ्याच आहेत, बरं का. जर्मनीत येना इथे हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली. डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी अल्फा लहर त्यानेच दाखवली. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांवरचा अभ्यास छापला. बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवूनही त्यांतल्या काहींची अल्फा मोडली नव्हती! लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेत आपण दोघी गेलो होतो, तेव्हा हे ठाऊक असतं तर किती प्रश्न विचारले असते.

आणि कॅलिफोर्नियातल्या स्टर्मन या संशोधकाच्या मांजरी. विशिष्ट लहर उमटली की खाऊ, एवढंच त्यांना शिकवलं होतं. पुढे रॉकेटच्या इंधनातलं विषारी रसायन टोचल्यावर त्यांना इतर मांजरींपेक्षा उशिरा झटके आले. मांजरीला आशा नसते, विश्वास नसतो, म्हणून तो प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

मुलांचं तसं नसतं, आणि आईचं तर नसतंच. २०२१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ओमसारखीच एडीएचडी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुलं. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना हुबेहूब तसंच पण खोटं. कुणाला काय मिळतंय हे ना मुलांना ठाऊक, ना पालकांना, ना शिक्षकांना. दोन्हीकडची मुलं सुधारली, जवळजवळ सारखीच. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कुणीतरी रोज समोर बसतं, शाबासकी देतं, घरचे आशेने बघतात, यानेही मूल थोडं स्थिरावत असेल, असं मला वाटतं.

म्हणून ठेव मोडू नकोस. आधी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. "गोळी लागणारच नाही" असं त्या सेंटरवाल्यांनी छातीठोक सांगितलं, ते त्यांच्या तोंडचं धरून चालू नकोस. तपासायला जाताना मी बरोबर येते, रजा टाकलीच आहे.

नाताळच्या सुट्टीत ओमला घेऊन ये. पट्टा त्याच्या कपाळाला लावू आणि दात आवळले की वारा कसा सुटतो ते त्याला ऐकवू. पुरणपोळ्या करते, त्याला गुळाच्याच आवडतात ना?

तुझी,
शैला